नवे घर, मानाची वस्तू आणि दिवे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसबाईंनी या विषयावर बोलण्याविषयी विचारले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. गृहसजावट हा माझा अभ्यासाचा विषय नव्हे. मी एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुली बसवल्या, एवढीच माझी पुंजी. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, पुढच्या गल्लीतल्या तीन इमारतींना यंदा नव्या जागेच्या किल्ल्या मिळाल्या आहेत. आपल्या निम्म्या सभासद सध्या सोफा आणि झुंबर यांच्यापलीकडे बोलत नाहीत. तुम्ही हे सगळे करून, पस्तावून, पुन्हा केले आहे. तेवढेच सांगा." पस्तावण्याच्या अनुभवावर भाषण करायचे असेल तर मी अधिकारी बाई आहे यात शंका नाही, म्हणून उभी राहिले.

आम्ही २०१८ साली गिरगावातली चाळीतली जागा सोडून इथे आलो. दोन खोल्या, बाहेर गॅलरी, आणि त्या दोन खोल्यांत सहा माणसे, अशी आमची तीस वर्षे गेली. तिथे फर्निचर 'निवडायचे' असते हे मला ठाऊकच नव्हते. एक लोखंडी खाट, एक कपाट, दोन घडीच्या खुर्च्या, आणि तुळईला टांगलेली सासूबाईंची बंगई. बंगई सागवानी होती. साडेचार फूट लांब, वीस इंच रुंद, अखंड फळीची, पितळी कड्यांची. दिवसा ती बैठक, दुपारी सासूबाईंचा पलंग, आणि संध्याकाळी मुलांचे अभ्यासाचे टेबल. खालच्या कडेला यांनी लहानपणी करकटकाने कोरलेले आद्याक्षर होते, आणि त्याबद्दल खाल्लेल्या माराची हकिकत दर दिवाळीला सांगितली जाई.

नव्या घराचा दिवाणखाना दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब. चाळीतून आलेल्या माणसाला तो मैदानासारखा वाटतो. आम्ही दोघे एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे राखी रंगाचा, मखमली कापडाचा, काटकोनात वळणारा सोफा मांडला होता. शेजारी काचेचे टेबल, वर झुंबर, मागे सोनेरी कागद लावलेली भिंत. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, हा पीस ठेवलात की हॉलला दुसरे काही लागत नाही." तो खरे बोलला. तो सोफा ठेवल्यावर दिवाणखान्यात दुसरे काही मावतच नव्हते.

दुकान आणि घर यांतला फरक मला तेव्हा कळला नाही, आणि पुष्कळांना तो कळत नाही, म्हणून थोडे थांबते. दुकानाचे दालन पन्नास-साठ फूट रुंद असते आणि छत बारा-चौदा फुटांवर. तिथे नऊ फुटी सोफा बाकासारखा दिसतो. आपल्या इमारतीत छत साडेनऊ फुटांवर. त्याखाली फॉल्स सीलिंग केले की पाऊणएक फूट आणखी गेले. साडीच्या दुकानात दिव्यांखाली पाहिलेला रंग घरी वेगळा निघतो म्हणून आपण साडी दारात नेऊन बघतो ना? सोफ्याला मात्र आपण दारात नेत नाही.

सोफा आला त्या दिवशी तो लिफ्टमध्ये बसेना. हमालांनी चार जिने वर वाहिला. तिसऱ्या वळणावर पाठीची कड भिंतीला घासून कापड फाटले. घरात ठेवला तर बाल्कनीचे दार निम्मेच उघडेना. चोवीस हप्ते भरायचे होते, आणि पहिला हप्ता भरायच्या आधीच आम्ही बाल्कनीत तिरके होऊन जाऊ लागलो.

त्यानंतर मी जी गोष्ट शिकले ती फुकट आहे. वस्तू घेण्यापूर्वी तिच्या मापाची जुनी वर्तमानपत्रे चिकटवून जमिनीवर अंथरावीत आणि दोन दिवस तशीच ठेवावीत. घरातली माणसे त्यांना वळसा घालून चालतात की त्यांवरून जातात, ते बघावे. माणूस सुखाने जायचा तर अडीच ते तीन फुटांची वाट लागते. सोफा आणि टीपॉय यांत पंधरा ते अठरा इंच असावेत. कमी झाले तर गुडघे आपटतात, जास्त झाले तर चहाचा कप ठेवायला उठावे लागते. जेवणाच्या टेबलाशी माणशी दोन फूट कड हवी, आणि खुर्ची मागे सरकवायला आणखी अडीच फूट. आपण टेबल मोजतो, मागे सरकणारी खुर्ची मोजत नाही. मग पाहुणा जेवून उठायच्या आधी फ्रिजजवळच्या माणसाला उठावे लागते. आणि हे सारे मोजण्याआधी लिफ्टचे दार, जिन्याचे वळण आणि आपल्या घराचे दार मोजावे. हमाल ती मापे घेऊन येत नाहीत.

बसण्याची उंचीही मोजावी. सतरा-अठरा इंच उंचीच्या, बऱ्यापैकी टणक बैठकीवरून साठीच्या पुढचे माणूस हात न धरता उठू शकते. हल्ली जे बुटके, खोल, मऊ सोफे निघाले आहेत, ते पंधरा इंचांच्या आसपास असतात आणि बसल्यावर आणखी खचतात. आमच्या सोफ्यात सासूबाई बसल्या की त्यांना उठवायला दोघे लागत. चार दिवसांनी त्या त्यावर बसेनाशाच झाल्या. स्वयंपाकघरातले स्टूल आणून दाराशी बसत. मी विचारले तर म्हणाल्या, "इथे वारा येतो ग." मी ते खरे मानले.

आणि बंगई? ती मी जुनी जागा सोडताना देऊन टाकली. नव्या घराला स्लॅब. तुळई नाही, कड्या कुठे अडकवणार? शिवाय दिवाणखाना नव्या पद्धतीचा करायचा होता. जुन्या लाकडाचा व्यापारी आला, दोन दारे, एक फडताळ आणि बंगई मिळून साडेतीन हजार रुपये देऊन गेला. सासूबाई म्हणाल्या, "बरे झाले, अडगळ गेली." मैत्रिणींनो, आपल्या आधीच्या पिढीतल्या बायका 'बरे झाले' कशाकशाला म्हणतात हे मला पन्नाशी उलटल्यावर समजू लागले.

आता 'मानाची वस्तू' म्हणजे काय ते सांगते. नव्या पद्धतीच्या घरात एक वस्तू अशी असावी म्हणतात की दारातून आत येताच नजर तिच्यावर जावी. ही कल्पना परदेशातून आली असे आपण समजतो, पण आपल्या जुन्या घरांत दुसरे काय होते? वाड्याच्या दिवाणखान्यात बैठक असे: गादी, लोड, तक्के, वर हंड्या-झुंबरे, आणि बाकी सारी जमीन मोकळी. कोकणातल्या घराच्या ओटीवर झोपाळा असे आणि त्याच्या आसपास काही नसे, कारण झोका जायला जागा लागते. वस्तूला मान मिळतो तो तिच्या भोवतीच्या रिकाम्या जागेमुळे. गणपतीपुढे आपण आरास करतो, पण मूर्तीच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन मूर्ती ठेवत नाही. आमच्या दिवाणखान्यात मी चार मानकरी बसवले होते: सोफा, झुंबर, सोनेरी भिंत आणि मोठा टीव्ही. चौघांचे भांडण सकाळ-संध्याकाळ चाले.

मग मानाची वस्तू कोणती घ्यावी? माझे मत विचाराल तर जिचा रोज उपयोग होतो ती. शाळेत मुलींना मी तांब्याचे चित्र काढायला देत असे, आणि त्या कंटाळत. त्यांना एक हकिकत सांगे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतले नावाजलेले जोडपे. खुर्च्यांचे आराखडे करण्यात त्यांचा हातखंडा. भारत सरकारच्या बोलावण्यावरून ते आपल्या देशात हिंडले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल दिला. त्यात त्यांनी इथल्या सगळ्या सुंदर वस्तूंत पहिला मान दिला तो आपल्या लोट्याला. तो हातात कसा बसतो, भरल्यावर तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो की नाही, असा विचार पिढ्यान्‌पिढ्या होऊन त्याचा घाट ठरला, असे त्यांचे म्हणणे. त्याच अहवालामागोमाग १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. ज्या लोट्याचे आपण मोडीत वजन करतो त्याच्यावर परक्यांनी पाने लिहिली.

खुर्चीचेही तसेच. मुंबईतल्या इराण्याच्या हॉटेलात बसलेल्या प्रत्येकीने ती काळसर, गोल बैठकीची, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची पाहिली आहे. तिची मूळ जात व्हिएन्नाच्या मायकेल थोनेट यांनी १८५९ साली काढली. बीच झाडाच्या काठ्या वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायच्या. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, एवढ्यात खुर्ची तयार. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. ती स्वस्त होती, हलकी होती, आणि दीडशे वर्षांनंतरही कोणी तिला जुनाट म्हणत नाही.

आणि चंदीगडची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ते शहर वसवले जात असताना, १९५० नंतरच्या दशकात, ल कार्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानेरे यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेत यांच्या साध्या खुर्च्या आखल्या. इथल्याच सुतारांनी त्या केल्या. पुढे वेत तुटले, पाय डुगडुगले, आणि कचेऱ्यांच्या गच्चीवर त्यांचे ढीग पडले. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या कवडीमोलाने लिलावात उचलल्या, वेत नवे विणून घेतले, आणि तिकडच्या लिलावांत एकेक खुर्ची लाखो रुपयांना गेली. २०११ साली केंद्र सरकारने हुकूम काढून ही विक्री थांबवण्याचा प्रयत्न केला. ही गोष्ट मी वाचली तेव्हा आमच्या साडेतीन हजारांची मला आठवण झाली, आणि त्या दिवशी जेवण गेले नाही.

लाकडाविषयी थोडेच सांगते, कारण त्यात सुतार आपल्याला हवे तसे गुंडाळतो. सागात स्वतःचे तेल असते, म्हणून वाळवी आणि ओल त्याला सहजी धरत नाहीत. आपल्याकडे आलापल्ली-बल्लारशाच्या जंगलाचा साग नावाजलेला आहे. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली तिथूनच लाकूड गेले. शिसवी जड आणि देखणे. पण आज दुकानांत जे चकचकीत मिळते त्यातले पुष्कळसे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे असते, वर लाकडाच्या रेघांचा कागद. ते ओळखायचे तर खण बाहेर काढून उलटा करावा आणि कड पाहावी. जिथे कागद संपतो तिथे भुसा दिसतो. तसल्या फळीत एकदा काढलेला स्क्रू पुन्हा पकडत नाही, आणि पावसाळ्यात पाणी लागले की ती पावासारखी फुगते. भाड्याच्या घरात पाच वर्षांसाठी घ्यायचे असेल तर तीही चालेल, पण सागाची किंमत देऊन घेऊ नये. प्लायवुड घेतल्यास त्यावर छापलेला आय.एस. क्रमांक बघावा: ३०३ म्हणजे घरातले साधे, ७१० म्हणजे पाण्याला टिकणारे. ओट्याखालच्या कपाटाला दुसरे घ्यावे. आणि नकली चामड्याचा सोफा मुंबईच्या दमट हवेत तीन-चार वर्षांत साल टाकतो. माझ्या बहिणीच्या घरी पाहुणे उठले की त्यांच्या पाठीला सोफा चिकटून जात असे.

आता दिवे. खरे तर मला याच विषयावर बोलायचे होते.

दिवाणखान्यात मी नऊ दिव्यांचे काचेचे झुंबर टांगले. फॉल्स सीलिंगमध्ये बारा वॅटचे बारा गोल दिवे बसवले, सगळे पांढरेशुभ्र. दिवा लावला की खोली दवाखान्यासारखी उजळे, आणि मला अभिमान वाटे. आज हिशेब मांडते तर हसू येते. दिव्याचा प्रकाश ल्यूमेनमध्ये मोजतात; दहा-सोळाच्या खोलीला साधारण तीन हजार ल्यूमेन पुरतात. मी झुंबर सोडून बारा हजारांहून अधिक ओतले होते. आणि इतका उजेड असून सासूबाई म्हणत, "मला काही दिसत नाही." मला वाटे, म्हातारपणाची कुरकुर.

कुरकुर नव्हती. वय होते तसे डोळ्याची बाहुली लहान राहते आणि आतले भिंग पिवळट होते. साठ वर्षांच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एकतृतीयांश प्रकाश पोचतो. म्हणजे त्यांना अधिक उजेड हवा. पण मोतीबिंदू उतरू लागला की उघडा, झगझगीत दिवा डोळ्यात घुसून पसरतो आणि त्यापुढचे काहीच दिसत नाही. म्हणजे उजेड हवा, पण दिवा दिसायला नको. माझ्या घरी नेमके उलटे होते. झुंबराचे नऊ दिवे उघडे, वरचे बारा उघडे, आणि खाली आरशासारख्या गुळगुळीत फरशीत त्या एकवीसांची एकवीस प्रतिबिंबे. सासूबाईंना जमीन कुठे आहे हेच कळत नसे.

आणि दिवाणखान्यातून न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळकंडीत दिवाच नव्हता. तिथे पाहुणे जात नाहीत, म्हणून मी तिथला खर्च वाचवला होता.

२०१९च्या ऑक्टोबरात, कोजागिरीच्या दुसऱ्या रात्री, त्या अडीचच्या सुमारास उठल्या. न्हाणीघराचा उंबरा दोन इंचांचा; फरशी आणि उंबरा एकाच रंगाचे. पडल्या, आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरुणावर. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला बाजूला बोलावले. मला वाटले, औषधांविषयी सांगतील. त्यांनी विचारले, "रात्री यांच्या वाटेवर दिवा कुठला असतो?" मला उत्तर देता आले नाही. झुंबराची किंमत मात्र मला पाठ होती.

सासूबाईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

त्या तीन महिन्यांत मी घरातला एकेक दिवा नव्याने शिकले. शाळेत वस्तुचित्राच्या तासाला मी तांब्यावर एका बाजूनेच उजेड पाडत असे. चारी बाजूंनी पाडला तर गोलाई नाहीशी होते, तांब्या कागदाच्या चकतीसारखा दिसतो. हेच खोलीचे आहे. सगळीकडून सारखा उजेड पडला की माणसांचे चेहरेसुद्धा सपाट आणि आजारी दिसतात. म्हणून खोलीभर एक सौम्य उजेड असावा, आणि जिथे काम तिथे त्या कामाचा वेगळा दिवा. दिवा अर्ध्या अंतरावर आणला तर उजेड चौपट मिळतो. म्हणजे छतावरच्या मोठ्या दिव्यापेक्षा खांद्यामागे ठेवलेला लहान दिवा वाचायला अधिक उपयोगी. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला तो डाव्या बाजूने यावा.

स्वयंपाकघरात तर आपण सगळ्याजणी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या सावलीत भाजी चिरत आलो. दिवा छताच्या मधोमध, आपण ओट्याकडे तोंड करून, मग सावली विळीवरच पडणार. भिंतीवरच्या कपाटाच्या खाली, पुढच्या कडेला, एक लांब पट्टीचा दिवा लावला की तांदळातला खडा दिसतो. आरशाला वरून दिवा लावू नये, दोन्ही बाजूंनी लावावा. वरून लावला की डोळ्यांखाली खड्डे दिसतात आणि बाई उगाच क्रीमच्या मागे लागते. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा येऊ देऊ नये. आमच्याकडे चार दिवे तसे आले होते. पंखा लावला की सारी खोली लुकलुके, आणि माझे डोके का दुखते याचा शोध लागायला सहा महिने गेले.

दिव्याच्या खोक्यावर वॅटच्या शेजारी आणखी दोन आकडे असतात, ते वाचावेत. एक केल्व्हिनचा. समईच्या ज्योतीचा रंग दोन हजारांच्या आत असतो, जुन्या तारेच्या दिव्याचा २७००, आणि ज्याला आपण 'पांढरा' म्हणतो त्याचा ६५००. आकडा जितका मोठा तितका रंग निळसर. बसण्या-झोपण्याच्या खोलीला २७०० ते ३०००, स्वयंपाकघराला ४००० असावा असे माझे मत. समईपुढे घरातले प्रत्येक माणूस देखणे दिसते हे आपल्या आज्यांना आकडा न वाचता ठाऊक होते. दुसरा आकडा रंग खरे दाखवण्याचा, शंभरपैकी, त्याला सी.आर.आय. म्हणतात. ऐंशीच्या खाली घेऊ नये, आणि कपड्यांच्या कपाटाशी नव्वदचा घ्यावा, म्हणजे जांभळा आणि निळा यांची गल्लत होऊन लग्नघरी फजिती होत नाही.

वॅट म्हणजे उजेड नव्हे, वीज. साठ वॅटचा जुना दिवा जेवढा उजेड देई तेवढा आता नऊ वॅटचा एल.ई.डी. देतो. रोज पाच तासांप्रमाणे जुना महिन्याला नऊ युनिटे खाई, हा दीडही खात नाही. ज्या निळ्या एल.ई.डी.मुळे हा पांढरा उजेड शक्य झाला, तो शोधणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल मिळाले, आणि पुढच्याच वर्षी, २०१५ साली, आपल्याकडे सरकारने उजाला योजनेतून स्वस्तात दिवे वाटायला सुरुवात केली. पण स्वस्ताईचा एक तोटा असा की आपण गरज नसताना लावत सुटतो. फॉल्स सीलिंगच्या खोबणीत लपवलेल्या दिव्यांच्या माळाही बेतानेच लावाव्यात. त्यांचा विजेचा डबा दोन-चार वर्षांत जातो, आणि तिथे हात पोचायला झडप ठेवली नसेल तर छत फोडावे लागते.

बोळकंडीत आता जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन लहान दिवे आहेत. माणूस आले की आपोआप लागतात, अर्धा वॅटचे, पिवळसर. उंबऱ्याच्या कडेला गडद पट्टी चिकटवली आहे. दोन्हीला मिळून झुंबराच्या विसाव्या हिश्श्याइतकाही खर्च आला नाही. झुंबर मी उतरवले. ते माळ्यावर आहे, कोणास हवे असल्यास सांगावे. सोफा आम्ही निम्म्याहून कमी किमतीला विकला, आणि त्याचे हप्ते त्यानंतरही सात महिने भरले. यांनी त्या हप्त्यांना 'सोफ्याचे वर्षश्राद्ध' असे नाव ठेवले होते.

सासूबाई काठी घेऊन चालू लागल्यावर मी जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात गेले. आमचीच बंगई सापडेल अशी वेडी आशा होती. तिथे बंगईच्या फळ्या पुष्कळ होत्या. काहींना लोखंडी पाय लावून, वर काच ठेवून टीपॉय केले होते. मी प्रत्येक फळीच्या खालून हात फिरवून आद्याक्षर चाचपत होते, आणि दुकानदार मला वाळवी शोधणारी चोखंदळ बाई समजून किंमत उतरवत होता. आमची मिळाली नाही. तेवढ्याच मापाची दुसरी एक घेतली. स्लॅबला भोके पाडण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याला विचारले, त्याने नको सांगितले, म्हणून सागवानी चौकट करून तीत टांगली. उंची अठरा इंच. चढता-उतरताना ती हलू नये म्हणून सुताराने बाजूला खिट्टी करून दिली आहे. मागे खांद्याच्या उंचीवर एक दिवा. समोर काहीच नाही, भिंत साधी पांढरी.

सासूबाई पहिल्यांदा तीवर बसल्या तेव्हा त्यांनीही कडेच्या खालून हात फिरवला. मी बघत होते. मग म्हणाल्या, "ही आपली नव्हे ग." थोड्या वेळाने पायाने जरा झोका घेतला आणि म्हणाल्या, "पण चांगली आहे. कड्यांना तेल घाल."

आता त्या नव्वदीला आल्या आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, वर्तमानपत्र पुरे वाचतात, निधनवार्ता आधी. घरात कोणीही आले की नजर प्रथम बंगईवर जाते, आणि बंगईवर त्या असतात.

माझे बोलणे लांबले. मंडळाच्या कपाटात मी एक पंधरा फुटी टेप आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी वहीत नाव लिहून न्यावा आणि टेप आठवड्यात परत करावी. बंगईवर बसून पाहायचे असेल तर अवश्य या, मात्र दुपारी चारनंतर या. त्याआधी सासूबाईंची झोप असते, आणि उठल्या उठल्या त्यांना चहा लागतो.